दोनशे बारावी फ्रेम

"पडदा सुरू करा," हेमलता म्हणाली.

क्लब हाउसच्या भिंतीवरचा तो मोठा पडदा चार दिवसांपासून बंद होता. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवासाठी हेरंब या छायाचित्रकाराने समोरच्या विंगच्या गच्चीवरून टिपलेले महाचित्र त्यावर लावले होते. अकराशे चाळीस फ्रेमा जोडून केलेले ते एकच छायाचित्र इतके स्वच्छ होते, की बोटांनी मोठे करीत गेले तर नवव्या मजल्यावरच्या तुळशीच्या मंजिऱ्या मोजता याव्यात. लोकांनी मंजिऱ्या मोजल्या नाहीत. त्यांनी हेमलताच्या गॅलरीत खुर्चीला ओढणीने बांधलेले तिचे सासरे पाहिले, आणि खाली बागेत मैत्रिणीशी बोलताना मान मागे टाकून हसणारी हेमलता पाहिली. दोन्ही तुकडे शेजारी शेजारी ठेवून ग्रुपवर फिरले. मागोमाग सेक्रेटरींच्या सहीची नोटीस आली: वृद्धाच्या छळाबद्दल तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा पोलिसांना कळवण्यात येईल.

आज तिसरा दिवस होता.

"पडदा बंद ठेवायचं कमिटीनं ठरवलंय, वहिनी," सेक्रेटरी गुलाबराव म्हणाले. "तुमच्याच इज्जतीसाठी."

"माझी इज्जत तुम्ही ग्रुपवर टाकलीत. आता झाकता कशाला? हेरंब, सुरू करा."

हेरंबने एकदा गुलाबरावांकडे पाहिले आणि बटण दाबले. दिल्लीतल्या द्वारकेच्या इमारती, मेट्रोचा पूल, धुरकट आभाळात उतरणारे विमान, सगळे एकदम भिंतभर पसरले.

"बघा ना," गुलाबराव म्हणाले. "वर अण्णासाहेब बांधलेले, खाली तुमचं हसणं-खिदळणं. एकाच चित्रात. यावर काय बोलायचं, यार? बिल्कुल बोलती बंद."

हेमलताने वीस वर्षे मंत्रालयात फायली वाचल्या होत्या. कागद हातात आला की मजकुराआधी तारीख पाहायची, हा तिचा हाडीमाशी खिळलेला धर्म होता. चार दिवस संतापाने तिला ते सुचलेच नव्हते, याचाच तिला आता सर्वाधिक राग आला.

"हेरंब, हे चित्र किती वाजताचं आहे?"

"सतरा मार्च, ताई. रविवार."

"वार नको. वेळ."

हेरंब घुटमळला. "एक वेळ नाही सांगता येणार. कॅमेरा यंत्रावर असतो. वरच्या मजल्यांपासून सुरुवात करून एकेक ओळ टिपत खाली येतो. पावणेचार ते सव्वासहा लागले. मग मी उजेड सारखा करतो आणि जोड मिटवतो."

"मिटवता म्हणजे?"

"कुणाला दिसत नाही, इतका मिटवतो." त्याच्या आवाजात नकळत कौतुक आले आणि लगेच विरले.

"मग मला जोड दाखवा. अण्णांची फ्रेम किती वाजता? माझी किती वाजता?"

त्याने लॅपटॉप उघडला. बोटाने ओळी मोजाव्यात तसा तो यादी उतरत गेला. "गॅलरीची दोनशे बारावी. चार वाजून आठ मिनिटं. बागेतली नऊशे सत्त्याण्णव. पाच एक्कावन्न."

"पाच वाजता सांभाळणारी बाई येते," हेमलता म्हणाली. "तेव्हा मी खाली उतरते. आठवड्यातून एकदा. हसायचंसुद्धा त्यातच उरकते."

गुलाबरावांनी खाकरून घसा साफ केला. "अच्छा, वेळेचं मानलं. पण बांधलं तर होतंत ना?"

"होतं. मीच बांधलं होतं."

इतका उघड कबुलीजबाब त्यांना अपेक्षित नसावा.

"माझी आंघोळ होईपर्यंत, दहा मिनिटं. गेल्या महिन्यात त्यांनी कठड्यावर पाय टाकला होता. आत कोंडलं की दारावर कपाळ आपटतात. गॅलरीत विमानं दिसली की निवांत बसतात. नवरा बदलीवर गुवाहाटीला आहे. आता लिहा काय लिहायचं ते." आवाज न चढवता तिने हातातली नोटीस त्यांच्यापुढे धरली. "हेरंब, ती गॅलरी मोठी करा."

चित्र जवळ आले. अण्णासाहेबांच्या पोटावरची निळी ओढणी, पांढरी दाढी, पायातले मोजे. ग्रुपवर फिरलेल्या तुकड्याची डावी कड गॅलरीच्या कठड्याशी संपत होती. पडद्यावर चित्र तिथे संपत नव्हते. अण्णासाहेबांचा उजवा हात कठड्याबाहेर शेजारच्या गॅलरीच्या दिशेने लांब केलेला होता, बोटे पसरलेली.

"अजून डावीकडे."

"बंद करा ते आता," गुलाबराव म्हणाले. "हा काय तमाशा चाललाय?"

हेरंबने बोट सरकवले. शेजारच्या गॅलरीत, त्या पसरलेल्या बोटांपासून दोन हातांवर, हातात चहाचा कप धरून गुलाबराव उभे होते. तोंड अण्णासाहेबांकडे वळलेले होते. कपातली वाफसुद्धा दिसत होती.

"इथे जोड आहे?" हेमलताने विचारले.

"नाही, ताई." हेरंबने यादीकडे पाहिलेही नाही. "हीसुद्धा दोनशे बारावीच. दोघं एकाच फ्रेममध्ये आहेत."

गुलाबराव पडद्याकडे पाहीनात आणि तिच्याकडेही पाहीनात. हेमलताने नोटिशीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मग ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्यांचं बोलणं आताशा मला कळत नाही, गुलाबराव. तुम्ही इतक्या जवळ होतात. काय मागत होते ते?"