पन्नास मिनिटांचा प्रवास

तुम्ही खोटं छापलंत, साहेब. तिकिटावर मुंबई ते रत्नागिरी पन्नास मिनिटं लिहिलीत, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलो. पावसला घरी माझे वडील, आप्पा, गेले; त्यांना ओटीवर ठेवलंय, आणि मुंबईचा मुलगा पोचल्याशिवाय आमच्यात उचलत नाहीत.

खाली रत्नागिरीच्या मांडवीचा किनारा दिसला. "वीस मिनिटांत उतरतोय," हवाईसुंदरी म्हणाली. मी पट्टा बांधला. विमान वळलं, पुन्हा मांडवी आली, पुन्हा तीच "वीस मिनिटं".

सहाव्या खेपेला शेजारचे आजोबा हसले. "पट्टा सोडा हो. मी लेकीच्या लग्नाला निघालेलो. तिची पोरं आता कॉलेजात असतील."

विमान खाली आलं की फोनला रेंज येत होती, तेवढ्यात बहिणीला लावला. "रेणुका, आप्पांना नेऊ नका गो. मी वर अडकलोय."

ती रडतारडता चिडली. "दादा, खुळावलास काय? मगाशी तूच अग्नी दिलास ना? आणि मागच्या पडवीत बसून फोन कसला करतोस?"

तिच्या मागून कोणीतरी खोकलं. तो खोकला माझा होता.

साहेब, माझ्या जागी तुम्ही कोणाला उतरवलंत? उत्तर द्या.