इरिव्होकेबल

घर मुलाच्या नावावर करायचं म्हणून आई वकिलाच्या ऑफिसात आली. पेनाचं टोपण काढलं खरं, पण अक्षरं लावत वाचताना तिचं बोट एका शब्दापाशी अडलं.

"हे इरिव्होकेबल म्हणजे काय रे?"

"काही नाही गं, वकिली इंग्रजी. कर ना सही, मला उशीर होतोय."

आईने टायपिस्टबाईंकडे पाहिलं. त्यांनी टायपिंग न थांबवता सांगितलं, "म्हणजे उद्या याने घराबाहेर काढलं, तरी घर परत मागता येत नाही, मावशी."

"काहीतरीच तुमचं," मुलगा हसला. आईही हसली.

 

मग नाकावरचा चष्मा पर्समध्ये ठेवत म्हणाली, "वेंधळी मेली मी. चष्मा घरीच राहिला बघ. येऊ पुन्हा कधीतरी."