एकाच चार्जिंगमध्ये

‘इलेक्ट्रिक गाडी, एकाच चार्जिंगमध्ये तुमच्या दारात,’ अशी फुशारकी त्याने दाजींपुढे मारली होती. पण कडाक्याच्या थंडीत निम्म्या वाटेतच बॅटरीचा आकडा भराभर उतरू लागला. चार्जिंग स्टेशन लागलं, तरी तो थांबला नाही. हीटर तेवढा बंद केला. ‘थंडी वाजत नाही ना आई?’ ‘छे रे. तू रस्त्याकडे बघ.’ तीन टक्के उरले असताना गाडी दारात पोचली. दाजी हसत बाहेर आले. ‘मानलं बुवा. पण हीटर बंद ठेवला असशील.’ ‘अख्खी वाट चालू होता,’ तो म्हणाला. ‘हो जावईबापू, मलाच उकडायला लागलं होतं,’ मागच्या सीटवरून आई म्हणाली. गारठलेल्या बोटांनी तिला पट्ट्याचं बटण दाबवेना. खालमानेने तो पट्टा सोडायला वाकला, तसं दाजींना दिसायच्या आत तिने पायांना गुंडाळलेलं गाडी पुसायचं फडकं सीटखाली सारलं.