मागचं वल्हं

डावं. उजवं. डावं.

दोघींची लांबट होडी, कयाक, जड झाली होती.

मोनिकाला वाटलं, वारा असेल. पण वारा पाठीवर होता. वाटलं, बुडाला एखादी फांदी अडकली असेल. पण भंडारदऱ्याच्या या काठाला झाड कुठलं; काळा खडक तेवढा सरळ पाण्यात उतरलेला. मग आपलेच हात असतील. तिनं दात-ओठ खाऊन जोर लावला.

"मार, मोनाताई, मार!" मागच्या जागेवरून आरतीवहिनी ओरडली.

उजवं. डावं.

तरंगत्या लाल डब्याला वळसा घालून झाला होता. आता खडकाच्या कडेकडेनं परत जायचं आणि डोंगराच्या कुशीतल्या शांत पाण्यात शिरायचं. तिथं शर्यत संपायची दोरी बांधली होती. दोरीपाशी तिचे वडील, कारभारी आप्पा, गुडघाभर पाण्यात उभे राहून डोक्यावरची टोपी हवेत फिरवत होते.

आप्पांनी साऱ्या गावादेखत शब्द दिला होता. "पोरगी जिंकली तर भोपाळला जाईल. वरीसभर तिथल्या वल्हवायच्या शिबिराला ऱ्हाईल. हरली तर तिसगावच्या स्थळाला होकार." मोनिकानं तेव्हा आप्पांच्या पायाला हात लावला होता. असा बाप कुणाला मिळतो, असं ती त्या दिवशी प्रत्येकाला सांगत सुटली होती.

डावं.

"आगं पोरींनो, भाकरी खाल्ली न्हाई का आज?" भोंग्यावरून शर्यतीची हकिकत सांगणाऱ्या अजिनाथचा आवाज आला. काठावर हशा पिकला.

उजवं, आणि शेजारून नगरच्या दोघी बहिणींची कयाक सरसर पुढं निघाली. त्यांतली फलक हसत म्हणाली, "काय गं मोनिका, खडक मोजत चाललीस का?"

ही चेष्टा होती, वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. रोज पाहुण्यांना याच पाण्यात फिरवणारी मोनिका. तिच्यापुढं कुणी जाईल, हे फलकलाही खरं वाटत नव्हतं.

डावं. उजवं. मागं वळून बघायचं नाही. पुढच्यानं मान वळवली की कयाक डुचमळते. पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं तो उचलायचा आणि दिशा सांभाळायची. मागचा काय करतो ते पुढच्याला दिसत नाही. दिसायची गरजच नसते.

पाणी ओसरलं की इथल्या खडकावर पांढरा पट्टा उरतो. सकाळचं ऊन मागून, उजवीकडून येत होतं. डाव्या हाताच्या त्या पांढऱ्या पट्ट्यावर दोघींच्या सावल्या पळत होत्या.

पुढच्या सावलीचं वल्हं वर जात होतं, खाली येत होतं.

मागच्या सावलीचं वल्हं

हलत नव्हतं. त्याचं एक पातं पाण्यात आडवं रोवलेलं होतं.

(पाहुणा नेहमी पुढं बसतो. कधी एखादा चेकाळतो, वल्हं मारत सुटतो आणि नेमका खडकाकडं निघतो. त्याला ओरडायचं नाही, त्याचा मान जातो. मागं बसून गुपचूप वल्ह्याचं पातं पाण्यात आडवं धरायचं. तो म्हणतो, आज पाणी लई जड हाय बुवा. आपण म्हणायचं, व्हय साहेब, पण तुम्ही मारा, मारा. ही युक्ती सासरी नवीन आलेल्या आरतीवहिनीला मोनिकानं शिकवली होती. हसून हसून दोघींच्या पोटात दुखलं होतं.)

"मार, मोनाताई, मार!"

मोनिकानं मारलं. एकटीनं मारलं. दोघींना ओढत नेलं. खांद्यात कळ उठली तरी थांबली नाही. फलक आणि तिच्या बहिणीनं दोरी ओलांडली तेव्हा यांची कयाक जेमतेम शांत पाण्यात शिरत होती.

आप्पा पाण्यातून धडपडत आले. त्यांनी मोनिकाचं डोकं छातीशी धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते. उगाच नव्हे, खरोखरच.

"हात भरून आला का गं, बाय?"

मोनिकानं वहिनीकडं पाहिलं. वहिनीनं मान खाली घातली होती.

"व्हय, आप्पा," मोनिका म्हणाली. "माझाच हात गळाला."

"असू दे. असू दे. लई मारलंस तू." त्यांनी आपल्या पंच्यानं तिचं तोंड पुसलं, टोपी नीट केली आणि काठावरच्या माणसांना चहाला बोलवायला निघून गेले.

दोघींनी कयाक दोन्ही टोकांना धरून वर ओढली. खडकावर तिचं बूड खरवडलं. मोनिकानं आपलं टोक खाली टाकलं.

"मला पाहुणी समजलीस व्हय, वहिनी?"

आरतीनंही आपलं टोक खाली ठेवलं.

"मी जाईन म्हनून तुझ्या पोटात दुखलं? सांगितलं असतंस तर. दादासमोर, गावासमोर भांडली असतीस, तरी चाललं असतं मला. पर पाठीमागं बसून?"

आरतीच्या ओल्या हातात अजून वल्हं होतं. ते तिला कुठं ठेवावं कळेना.

"आप्पांना न्हाई सांगितलं मी," मोनिका म्हणाली. "सांगितलं असतं ना, तर तुला आजच्या आज माहेरी धाडलं असतं त्यांनी."

आरतीनं वर पाहिलं. काठावर आप्पा फलकच्या हातात चहाचा कप देत होते.

"त्यांनीच बोलावून सांगितलं मला, मोनाताई," ती म्हणाली. "म्हनले, लेकीला तोंडावर न्हाई म्हनवत न्हाई माझ्यानं. तू मागं बस."