खालचा दम

२००७ साली उल्हासनगरात मुकेशच्या गॅरेजमध्ये डायनो नावाचं मशीन आलं. मागचं चाक रोलरवर पळवायचं आणि गाडीची ताकद कॉम्प्युटरवर बघायची. बारवी धरणाजवळच्या डोंगरातला रूपेश आपली जुनी स्पोर्ट बाइक घेऊन तिथे आला, तेव्हा त्याच्या चिखलाने भरलेल्या चपलांकडे बघून मुकेश हसला.

"बारवीच्या डोंगरात रेस कोणाशी लावणार? म्हशींशी?"

"रेस नाय शेठ. चढावर दम पायजे."

"दम कसा वाढवायचा ते मला नको शिकवू."

मुकेशने तीन दिवस कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरवर काम केलं. मग गाडी रोलरवर चढवली. स्क्रीनवर नव्या रेषेचं टोक कामाआधी काढलेल्या जुन्या रेषेच्या कितीतरी वर गेलं. "चार हॉर्सपॉवर जास्त," तो सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाला.

दोन दिवसांनी रूपेश परत आला. "सपाटीला लय पळते शेठ, पण चढावर मरते."

"तुला चालवता येत नाही." मुकेशने छापलेला आलेख त्याच्यापुढे टाकला. "हे वाचता तरी येतं का?"

रूपेशने कागद नीट बघितला. उजवीकडचा उंच भाग सोडून त्याने डावीकडे, कमी वेगाच्या जागी बोट ठेवलं. तिथे नवी रेषा जुनीच्याही खाली होती.



"आमच्या चढावर गाडी इथं असते. मागच्या वर्षी बायकोला कळा सुटल्या, तेव्हा दवाखान्यात नेताना जुना दमसुद्धा पुरला नाय. तिला उतरून चालायला लागलं."