कोकिळासाठी रायफल

उद्धव आणि वसुधाची रायफल अखेर निवडून झाली. पॉइंट टू-टू, लिव्हरवाली, अक्रोडाच्या दस्त्याची. पण हे झालंच नाही असं धरून चाला. उद्धवही तसंच धरून चाललाय.

तर, रायफल अजून निवडायची होती. सिंगापूरच्या बुकित बातोकमधल्या त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीसमोर झाड होतं. झाडावर कोकीळ होता. तो अंधारातच सुरू व्हायचा, आणि वसुधा त्याच्याही आधीपासून जागी असायची. हॉस्पिटलने तिला घरी पाठवलं होतं, पण बरी झाली म्हणून नव्हे. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पलंग दुसऱ्या कुणाला हवा होता. हाडं रात्रभर ठणकायची. हाडांवर चिडून उपयोग नसतो, म्हणून ती कोकिळावर चिडायची.

"लोक म्हणतात कोकिळा गाते. बोंबलतो तो नर," ती म्हणाली. "मेला रोज एकच ओळ म्हणतो, आणि दरवेळी आधीपेक्षा वरच्या पट्टीत."

"गोळीच घालतो त्याला," उद्धव म्हणाला.

"कुठल्या बंदुकीने?"

तांजोंग पगारच्या एका बँकेत उद्धव कम्प्लायन्समध्ये होता. 'हे नियमात बसत नाही' हे एकच वाक्य निरनिराळ्या ईमेलमध्ये लिहिण्याचा त्याला पगार मिळे. ज्या शहरात ड्युरियनचं उग्र वासाचं फळ घेऊन एमआरटी मेट्रोत चढता येत नाही, तिथे रायफल घेऊन खिडकीत बसणाऱ्या माणसाचं काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"फ्रिज घेताना सगळी दुकानं पालथी घालायला लावलीस मला," वसुधा म्हणाली. "आणि बंदूक काय अशीच उचलून आणणार?"

मुद्दा बरोबर होता. उद्धवने टॅब्लेट उघडला.

मग ते रोजचंच झालं. कोकीळ ओरडला की उद्धव उठायचा, तिच्या पाठीशी उशा लावायचा आणि रायफलींची माहिती वाचायला बसायचा. गोळी लहानच हवी, हे पहिल्या पहाटेच ठरलं. "पक्षी मारायचाय, शेजारी नाही," असं वसुधाचं मत पडलं. खरा घोळ लिव्हरचा होता. घोड्याखालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवी गोळी चढते. ती कशी चढते हे वसुधाला ऐकायचं असे. व्हिडिओतला अमेरिकन म्हातारा कडी ओढायचा. खट्-खटक्.

"परत लाव."

खट्-खटक्.

"ही खुळखुळते. पुढची."

दस्त्याचं लाकूड जिथे लोखंडाला भेटतं तिथे नखसुद्धा शिरता कामा नये, ही तिची अट होती. एक रायफल रंग दिलेल्या बीचच्या लाकडाची निघाली. "अक्रोडाचं सोंग" म्हणून ती बाद झाली. एकीचे स्क्रू तिला हलके वाटले. "इथल्या हवेत महिन्याभरात गंजतील." शोध चालू राहायचा आणि खट्-खटक् ऐकता ऐकता तिचा डोळा लागायचा. कोकीळ तेव्हाही ओरडतच असायचा.

युनिव्हर्सिटीत शिकणारी त्यांची मुलगी आर्या एकदा दारात येऊन उभी राहिली. "बाबा, कॅननॉट लाह, असं नाही चालत इथे! असलं सर्च करत बसलास तर पोलीस येतील."

"येऊ देत," वसुधा म्हणाली. "त्यांनाच विचारू कुठली चांगली ते."

प्रत्येक रायफलीत खोट निघायचीच. वसुधाला नाही सापडली तर उद्धव काढायचा. निवड संपल्यावर पुढे काय, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नव्हतं.

एका पहाटे वसुधाने व्हिडिओ परत लावायला सांगितलं नाही.

"हीच," ती म्हणाली. "घे."

उद्धव घाबरला. "दस्ता जरा फिका नाही वाटत?"

"नाही. हिला नाव ठेवायला जागा नाही."

"वजन बघायचं राहिलंय. उद्या बघू."

"उद्धव, घे म्हटलं ना."

त्याने टॅब्लेट मिटला आणि आपण काही ऐकलेलं नाही असं ठरवून टाकलं. उद्या आला. वसुधा त्यात नव्हती.

तिला मंडाईला नेलं. पुण्याचा माणूस मंडईत भाजीला जातो. इथलं मंडाई म्हणजे स्मशान.

दुसऱ्या पहाटे उद्धव सवयीने उठून बसला. बाहेर काहीच आवाज नव्हता. कोकीळ सुतक पाळत असेल, असं त्याला वाटलं. सुतक संपलं तरी झाड गप्प. शेवटी त्याने खिडकीचा पडदा सारला. झाडाचा नुसता बुंधा उभा होता आणि त्याला वर चार खुंट होते.

"आपण मंडाईला गेलो ना, तेव्हा कापलं," आर्या मागून म्हणाली. "टाउन काउन्सिलचे लोक आलेले. कोकिळाची कम्प्लेंट मीच टाकलेली, आई घरी आली तेव्हा. आईला कळलं तर ती माझ्यावरच ओरडली. म्हणाली, आधी ती मागे घे. तो ओरडला नाही तर तुझा बाबा उठून वाचणार कसा?"

"मग?"

"आय फरगॉट, बाबा."

उद्धवने तिचं डोकं छातीशी धरलं. ती रडून झोपली तेव्हा त्याने टॅब्लेटवर टाउन काउन्सिलचं पान उघडलं. ही भाषा त्याच्या पोटापाण्याची होती, शब्द शोधावे लागले नाहीत. इंग्रजीत त्याने जे लिहिलं, ते मराठीत असं होतं:

'विषय: बंद झालेली तक्रार पुन्हा उघडणेबाबत. सदर झाडाच्या तोडलेल्या फांद्या पूर्ववत जोडून सदर कोकिळास रोज पहाटे मूळ जागी हजर राहण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. कारण उभय अर्जदारांची रायफल अद्याप निवडून झालेली नाही.'