राखलेला साग

"एवढं एक राहू द्या," सुभद्रा म्हणाली, तेव्हा पुंजारामची कुऱ्हाड वर गेलेली होती.

त्याने ती घाव न घालता तशीच खाली आणली. होळीच्या सुमारास तान्हं पोर गेलं, तेव्हापासून त्याच्या बायकोने आपणहून काही मागितलं नव्हतं. पुढ्यात ठेवलं तर चार घास खायची, एवढंच. आज भाकरी घेऊन शेतावर आली आणि कमरेएवढ्या सागाच्या रोपापुढे आडवी उभी राहिली. रोपाची दोन रुंद पानं टाके घालून शिवावीत तशी जोडलेली होती. आत वटवट्या पाखराची पिल्लं. अंगावर पीस नाही, नुसत्या उघड्या चोची.

पुंजारामला घाई होती. विलायतेत कापसाची ओढ लागली होती. अकोटच्या बाजारात गाडीचे बैल सुटायच्या आत माल उचलला जाई. सातपुड्याच्या पायथ्याचं रान जो तो साफ करत सुटला होता. त्याचीही ही शेवटची पट्टी, आणि पेरणी तोंडावर आलेली. पण बायकोच्या तोंडून शब्द फुटला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "हे झाड तुयं."

भोवतीचं सगळं त्याने तोडलं. झुडपं, पाचोळा पेटवून दिला. रोपाला धग लागू नये म्हणून ओलं गोणपाट धरून स्वतः आडोशाला उभा राहिला. सुभद्रा रोज येऊ लागली. रात्री जेवताना पिल्लांचं सांगू लागली. एकदा तर सांगता सांगता हसली. पुंजारामला वाटलं, आपलं माणूस परत आलं.

मग पिल्लांचा आवाज बारीक होत गेला. मादी उजाडताच डोंगराकडे उडायची, ती ऊन चढलं तरी परतायची नाही. जवळपास झुडूप उरलं नव्हतं, मग पानावरचा किडा कुठून असणार? सुभद्राने ज्वारीच्या शिजवलेल्या कण्या नेऊन पाहिल्या. पिल्लांनी चोची उघडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघं पोचले तेव्हा मादी पानाच्या कडेवर बसली होती. चोचीत हिरवी अळी होती. ती आत वाकायची, थांबायची, पुन्हा वाकायची. आत काही हललं नाही.

पुंजारामला बायकोकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला, "झाड राहू दे. पेरनी आपन बाजूनं करू."

सुभद्राची नजर त्या काळ्या, मोकळ्या जमिनीवरून फिरून त्याच्यापाशी आली.

"आता कोनासाठी?"